बागेला पाणी किती द्यायचं, हे आपल्याला नेमकं कोण सांगतं?

कादवाकाठ | ११ एप्रिल, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. नाशिक जिल्ह्यात, दिंडोरी तालुक्यात कादवेच्या काठाला आमची तीन एकर थॉमसन द्राक्षं आणि दोन एकर कांदा. खरड छाटणी, म्हणजे उन्हाळ्यातली छाटणी, होऊन आठवडा झालाय, आणि दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत जे झालं ते पुन्हा होऊ नये म्हणून हा धागा काढतोय.

त्या वर्षी छाटणीनंतर फुटी निघाल्या आणि पानं पिवळी पडायला लागली. दुकानात पान दाखवलं, फेरस दिलं. आठ दिवसांनी मॅग्नेशियम. मग ह्युमिक, मग मुळीसाठी म्हणून एक महागडी बाटली. तेव्हा एक सल्लागार यायचे, ते बांधावरूनच दोन ओळी बघून चिठ्ठी लिहायचे. महिन्याभरात अठरा हजार गेले, बाग काही हिरवी होईना.

शेवटी वडिलांच्या ओळखीचे एक निवृत्त कृषी अधिकारी आले. त्यांनी पानाकडे बघितलंसुद्धा नाही, कुदळ मागितली. ठिबकच्या ड्रीपरपासून वीतभर अंतरावर दीड फूट खड्डा घेतला. माती हातात घेऊन वळली तर तिचा लाडू झाला, लाडू दाबला तर बोटांच्या फटींतून पाणी आलं. मुळ्या तपकिरी, साल नुसत्या नखाने सुटत होती, आणि नाल्यातल्या गाळासारखा वास.

"रोज मोटार किती वेळ?"
"तीन तास."
"तीनच का?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेजारी तेवढं देतात, वीज असते तोवर घ्यावं, आणि उन्हाळा आहे. एवढ्यावरच आम्ही वर्षानुवर्षं पाणी देत होतो. त्यांनी आठ दिवस पाणी बंद करायला लावलं. एप्रिलमध्ये बागेचं पाणी तोडायचं म्हणजे काय जिवावर येतं ते बागाईतदारालाच कळेल. पण वीस दिवसांनी त्याच खड्ड्याच्या कडेला नवी पांढरी मुळी दिसली, आणि तेव्हा मी बांधावर बसून अक्षरशः रडलो.

आता मुद्दा. आमच्या गावातल्या २२ जणांची मिळून ४१ एकर द्राक्षं आहेत. एकरी वर्षाला २,००० रुपये काढून एक सामाईक सल्लागार ठेवावा असं चाललंय. एकच अट ठरलीय, की त्याने काहीही विकायचं नाही. याशिवाय त्याच्याकडून काय काय मागून घ्यावं? कोणी असं केलंय का?

---

वाफसा | १२ एप्रिल, सकाळी ६.१५

कादवाकाठ, मी शेती खात्यातून निवृत्त झालो, आता सिन्नरला असतो. तुमच्याकडे आलेल्या गृहस्थांना माझा नमस्कार सांगा. कुदळ मागणारा माणूस आता दुर्मिळ झालाय.

"तीनच का" याचं उत्तर काढता येतं, आणि ते प्रत्येक बागाईतदाराला स्वतःला काढता आलं पाहिजे. सल्लागार ठेवा, पण हा हिशेब त्याच्यावर सोडू नका.

एक मिलिमीटर पाणी एक चौरस मीटरवर म्हणजे एक लिटर. तुमची लागण नऊ बाय पाच असेल तर एका वेलीच्या वाट्याला ४५ चौरस फूट, म्हणजे सुमारे ४.२ चौरस मीटर येतात. बाष्पीभवन पात्रात, म्हणजे उन्हाने किती पाणी उडतं ते मोजायच्या भांड्यात, दिवसाला ९ मिलिमीटर घट दिसली असं धरू. त्याला पात्राचा गुणांक ०.७ लावला की ६.३ राहतात. छाटणी झालेल्या, नुकत्या फुटणाऱ्या वेलीला पानंच नसतात, म्हणून पीक गुणांक ०.३ धरा. झाले १.९ मिलिमीटर. गुणिले ४.२, म्हणजे वेलीला दिवसाला आठ लिटर.

तुम्ही किती देत होतात? वेलीला चार लिटरचे दोन ड्रीपर असतील तर तीन तासांत २४ लिटर. तिप्पट. एकरात ९६८ वेली बसतात, म्हणजे एकरी रोज १५ हजार लिटर पाणी नुसतं मुळ्या बुडवायला जात होतं. काळ्या जमिनीत दुसरं काय होणार?

हीच वेल मांडवभर पानांची झाली की गुणांक ०.८ च्या आसपास जातो आणि तिला २१ लिटर लागतात. तेव्हा तुमचे तीन तास जवळपास बरोबर ठरतात. पुढे ४० ते ६० दिवसांच्या टप्प्यात काडीत सूक्ष्मघड तयार होतात, तेव्हा परत हात आखडता घ्यायचा असतो. पाणी आणि नत्र सुटलं की काडी नुसती पळते आणि ऑक्टोबरला घड मिळत नाहीत. म्हणजे एकाच बागेचा आकडा एका हंगामात तीन-चार वेळा बदलतो. वर्षभर एकच "तीन तास" चालवणं ही आपली मूळ चूक.

आकडा काढला तरी शेवटचा निकाल मातीचा. वाफसा म्हणजे मातीत ओलही आहे आणि हवाही आहे. मूठ वळली तर गोळा व्हावा, बोटाने ढकलला तर फुटावा. फुटला नाही तर मोटार चालू करू नका, मग कागदावर काहीही येवो.

आणि एक काम आधी करा. ड्रीपरवर चार लिटर लिहिलंय म्हणून चार लिटर पडतंच असं नाही. लिटरच्या रिकाम्या बाटल्या घ्या, लाइनच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी ड्रीपरखाली धरा. पंधरा मिनिटांत बाटली भरली पाहिजे. करून बघा आणि इथे लिहा.

---

बाणगंगा | १२ एप्रिल, दुपारी १.०५

ओझरकडून लिहितो. आमच्याकडे पाण्याची मोजणी आधी आली, सल्ला मागाहून. तो क्रम बरोबर होता असं मला वाटतं.

वाघाड धरण दिंडोरी तालुक्यात, आम्ही कालव्याच्या शेपटाला. पाणी आमच्यापर्यंत पोहोचायचंच नाही. समाज परिवर्तन केंद्र या संस्थेच्या बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला शेतकऱ्यांना एकत्र करून पाणीवापर संस्था उभ्या केल्या. पुढे पूर्ण प्रकल्पावर अशा २४ संस्था झाल्या आणि त्यांची मिळून प्रकल्पस्तरीय संस्था झाली. पाणी घनमीटरमध्ये मोजून घ्यायचं, संस्थेने आत वाटायचं. २००५ च्या कायद्याने तर मोजून दिलेल्या कोट्यात शेतकऱ्याने कोणतं पीक घ्यावं याचं स्वातंत्र्यही दिलं.

मोजून पाणी मिळायला लागलं तेव्हा वडिलांच्या तोंडी प्रश्नच बदलले. आधी विचारायचे, "पाणी कधी सुटणार?" नंतर विचारायला लागले, "एवढ्या घनमीटरमध्ये माझी दोन एकर बाग आणि एक एकर टोमॅटो निघेल का?" दुसऱ्या प्रश्नाला कृषी सहायकापासून विद्यापीठातल्या माणसापर्यंत कोणीही उत्तर देऊ शकतो. पहिल्याला कोणाकडेच उत्तर नसतं.

म्हणून तुमच्या २२ जणांना माझी विनंती, सल्लागाराच्या आधी प्रत्येकाच्या मोटारीला पाण्याचं मीटर बसवा. ते नसेल तर त्याने सांगितलेलं पाणी तुम्ही दिलं की नाही हे कोणालाच कळणार नाही.

---

टेलवरचा_कांदा | १२ एप्रिल, रात्री १०.२०

वरचे हिशेब वाचून बरं वाटलं. पण आमचं दुखणं वेगळं आहे ते सांगतो. येवला तालुका, पालखेड डाव्या कालव्याचा टेल, म्हणजे शेवटचं टोक. आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, येईल तेव्हा विहीर भरून घ्यायची, शेततळं भरून घ्यायचं, आणि त्यावर कांदा काढायचा.

सल्ला देणारे सगळे सांगतात, "दर आठ दिवसांनी हलकं पाणी द्या." अहो, मोटारीच्या थ्री फेज विजेची पाळी एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्री अकराला बॅटरी घेऊन वाफ्यात उतरायचं, पायाखाली काय आहे ते दिसत नाही, बिबट्याची भीती वेगळी. अशा वेळी माणूस हलकं पाणी देत नाही, वाफा तुडुंब भरून मोकळा होतो. विजेचं वेळापत्रक समोर न ठेवता दिलेला सल्ला माझ्या उपयोगाचा नाही.

एक सल्ला मात्र मला आयुष्यभर पुरला. चितेगाव फाट्याला कांद्याच्या संशोधन केंद्रावर शिवारफेरीला गेलो होतो. तिथल्या शास्त्रज्ञाने सांगितलं, काढणीच्या आधी दहा-पंधरा दिवस पाणी पूर्ण तोडा आणि पातीच्या निम्म्या माना पडल्या की काढायला घ्या. त्याआधी आम्ही वजन वाढावं म्हणून शेवटपर्यंत पाणी द्यायचो. कांदा दिसायला टपोरा, पण साठवणीच्या कांदाचाळीत घातला की जुलैत खालून पाणी सुटायचं. वास दुसऱ्या वस्तीपर्यंत जायचा. दोन ट्रॉल्या उकिरड्यावर ओतताना बायकोच्या डोळ्यांत बघवलं नव्हतं. आता शेवटचं पाणी कधी दिलं ती तारीख चाळीच्या पाटीवर खडूने लिहितो.

कांद्याची मुळं जेमतेम वीतभर जातात. त्याच्या खाली गेलेलं पाणी कांद्याच्या कामाचं नाही, हे मला कोणी विसाव्या वर्षी सांगायला हवं होतं.

---

काउंटरमागून | १३ एप्रिल, सकाळी ८.५०

पिंपळगाव भागात माझं कृषी सेवा केंद्र आहे. बी.एस्सी. ॲग्री केलंय. दुकानातून बाटल्याच मिळतात ही वरची तक्रार वाचली, ती खोटी नाही, म्हणून मनापासून लिहितो.

सकाळी आठला शटर उघडलं की पान हातात घेऊन पाच जण उभे असतात. मला समोर फक्त पान दिसतं, मूळ दिसत नाही, माती दिसत नाही. मी बऱ्याचदा विचारतो, "पाणी किती देता?" उत्तर येतं, "पाणी व्यवस्थित आहे, तुम्ही औषध सांगा." एकदा एका काकांना स्पष्ट सांगितलं, काही घेऊ नका, पाच दिवस मोटार बंद ठेवा. ते समोरच्या दुकानात गेले आणि तीन बाटल्या घेऊन आले. हे मी डोळ्यांनी पाहिलं.

"पाणी बंद करा" या सल्ल्याचे पैसे मला कोणी देत नाही, बाटलीचे देतात. माझं घर बाटलीवर चालतं. कादवाकाठ, तुम्ही एकरी दोन हजार सल्ल्याचे म्हणून वेगळे काढताय हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आणि तुमच्या सल्लागाराने लिहून दिलेली चिठ्ठी माझ्याकडे आली तर मी त्यात एकही वस्तू वाढवणार नाही, असा शब्द देतो. माझ्यासारखे आणखी दुकानदार आहेत.

---

मंडळ_हवामान | १३ एप्रिल, दुपारी ४.३०

फुकट मिळणाऱ्या गोष्टी आधी वापरा. हवामान खात्याच्या कृषी सल्ला पत्रिका मंगळवारी आणि शुक्रवारी निघतात, पुढच्या पाच दिवसांचा अंदाज असतो, मेघदूत ॲपवर मराठीत वाचता येतात. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा नंबर २००४ पासून चालू आहे, सकाळी सहा ते रात्री दहा. महावेधची स्वयंचलित हवामान केंद्रं महसूल मंडळात आहेत. आणि पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्ला बागाईतदारांसाठीच असतो, त्यात पाण्याचा भाग आवर्जून वाचा.

मी स्वतः दोन वर्षं ओलावा मोजणारे सेन्सर बसवण्याचं काम केलं. यंत्र चांगलं आहे. पण एका बागेत आम्ही ते पाणी न टिकणाऱ्या मुरमाच्या पट्ट्यात बसवलं, बाकी सगळी जमीन काळी. मोबाइलवर रोज "पाणी द्या" येत राहिलं आणि शेतकऱ्याने विश्वासाने दिलं. ती चूक आमची होती, आणि ती मला अजून सलते. सेन्सर कुठे पुरायचा हे ठरवायला आधी चार खड्डे घ्यावेच लागतात.

---

आरमकाठची_सून | १३ एप्रिल, रात्री ११.१०

पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांगा. सटाण्याजवळ डाळिंब आहे आमचं.

आमच्या भागात मोसम, आरमच्या बंधाऱ्यांवर फड पद्धत होती. सासरे सांगतात, एका फडात सगळ्यांचं एकच पीक असायचं आणि पाणी पाटकरी द्यायचा. शेतकऱ्याने स्वतः पाण्याची दारं धरायची नाहीत. पाटकऱ्याला सगळ्या वावरांची नस माहीत असायची, कुठे पाणी लवकर मुरतं, कुठे साचतं. तुम्ही जो सल्लागार शोधताय ना, तो मला पाटकऱ्यासारखा वाटला. रोज वावरातून चालणारा.

दुसरं सांगायचं म्हणजे, आमच्या डाळिंबात मर रोग आला तेव्हा शिबिराला आमचे हे गेले. वही भरून आणली. पण घरात पाणी मी सोडते. कॉक मी फिरवते, फिल्टर मी धुते, कोणत्या ओळीला चिखल होतो ते मला माहीत. मला कोणी विचारलं नाही आणि वहीतलं मला कोणी सांगितलं नाही. नंतर कळलं, त्या वहीत पहिल्याच पानावर लिहिलं होतं की झाडाच्या बुंध्याशी पाणी साचू देऊ नका, ड्रीपर लांब सरकवा. मी तोवर सहा महिने बुंध्याशीच सोडत होते. चाळीस झाडं गेली.

तुमच्या २२ घरांत पाणी कोण सोडतं ते आधी विचारा, दादा. बैठकीला त्यांना बोलवा.

---

कादवाकाठ | १४ एप्रिल, रात्री ९.००

ताई, चुकलं काहीच नाही. तुमचं लिहिणं घरात मोठ्याने वाचून दाखवलं.

वाफसा सर, बाटल्या धरल्या. लग्नातल्या रिकाम्या बिसलरीच्या बारा गोळा केल्या. सबमेनजवळची, म्हणजे पाणी वाटणाऱ्या मोठ्या पाइपाजवळची बाटली अकराव्या मिनिटाला भरून वाहायला लागली. मधल्या बरोबर पंधराच्या आसपास. शेवटच्या चारपैकी तीन अर्ध्यासुद्धा भरल्या नाहीत, आणि एका ड्रीपरमधून नुसते थेंब. म्हणजे एकाच कॉकवर एक वेल बुडते आणि एक तहानलेली. मग तीन तास काय आणि एक तास काय, कोणाच्या हिशेबाने द्यायचं?

---

वाफसा | १५ एप्रिल, सकाळी ६.३०

आता तुम्ही खरं दुखणं धरलंत. सगळ्या लॅटरलची, म्हणजे ड्रीपर असलेल्या नळ्यांची टोकं सोडून फ्लश करा, गढूळ पाणी जाऊन स्वच्छ येईपर्यंत. सँड फिल्टरला बॅकवॉश द्या, म्हणजे उलटं पाणी सोडून धुवा. ड्रीपरच्या तोंडाशी पांढरा थर असेल तर पाण्यात क्षार आहेत, ॲसिड ट्रीटमेंट लागेल, ती माहितगाराकडून शिकून करा, ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीही नाही. तोंडाशी शेवाळ असेल तर क्लोरीन. दोन्ही एकत्र कधीच करायचं नाही, विषारी वायू होतो.

विहिरीचं पाणी मे महिन्यात, सगळ्यात खाली गेलेलं असताना तपासायला द्या. ईसी (एकूण क्षारांचं माप), सोडियम, बायकार्बोनेट बघा. क्षार जास्त असतील तर माझा वरचा आठ लिटरचा आकडा तसाच वापरू नका. थोडं जास्त देऊन क्षार मुळांच्या खाली ढकलावे लागतात, पण त्यासाठी निचरा हवा. हे लिहायचं राहिलं होतं.

सल्लागाराकडून मागायचं ते असं. हंगामात ठरलेल्या वेळा बागेत येणं, प्रत्येक वेळी किमान दोन ठिकाणी खड्डा, आणि सल्ला तोंडी नको, वहीत तारखेसह लिहून हवा. पाणी तासांत लिहू नये, वेलीला लिटरमध्ये लिहावं. तास तुम्ही तुमच्या ड्रीपरवरून काढाल. आणि चुकलेला सल्ला त्याने त्याच वहीत कबूल करावा. जो याला तयार होईल त्याला ठेवा, वय आणि डिग्री मागाहून बघा.

---

टेलवरचा_कांदा | १५ एप्रिल, दुपारी २.१५

वहीच्या पहिल्या पानावर विजेचं वेळापत्रक डकवा. एवढंच.

---

कादवाकाठ | २८ एप्रिल, रात्री १०.०५

मंडळी, कळवायला उशीर झाला, कांदा काढणी चालू होती. शेवटचं पाणी ३० मार्चला दिलेलं, चाळीच्या पाटीवर तारीख लिहिलीय.

रविवारी मारुतीच्या पारावर बैठक झाली. घरटी दोन माणसं बोलवली होती, त्यातलं एक पाणी सोडणारं. २२ पैकी १५ घरांत पाणी सोडणाऱ्या बायका निघाल्या. सल्लागार अजून ठरला नाही, दोघांशी बोलणं झालंय. एकाने खड्ड्याची अट ऐकून विचार करतो म्हटलं. दुसरी मुलगी आहे, कृषी पदवीधर, शेजारच्याच गावची, तिने विचारलं की कुदळ तुमची की मी आणू. मीटर सहा जणांनी घेतले, बाकीचे खरिपाचे पैसे बाजूला ठेवून बघतो म्हणालेत.

बैठकीत माझी आई पहिल्यांदाच बोलली. म्हणाली, आपल्या बागेत खालच्या कोपऱ्यात मोटार बंद झाल्यावरसुद्धा घटकाभर पाणी पडत असतं, तिथे पाय रुततो, मी चप्पल काढून जाते. मी तिला विचारलं, हे कधीपासून? म्हणाली, ड्रीप बसवल्यापासून.

दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर गेलो. मोटार बंद केली आणि उभे राहिलो. वरच्या ओळी लगेच थांबल्या. पाइपात राहिलेलं सगळं पाणी उतारावरून त्या कोपऱ्याकडे येत होतं आणि शेवटच्या चार ओळींचे ड्रीपर वीस मिनिटं गळत राहिले. दोन वर्षांपूर्वी पिवळेपणा तिथूनच सुरू झाला होता.

वाफसा सर, त्या चार ओळींना वेगळा कॉक टाकावा की उताराला आडवा सबमेन घ्यावा? फिटर शुक्रवारी येतोय.